राहून गेलेल्या गोष्टींचे पुढे काय होते?

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसाशी थोडे निवांत बोलायला बसा, एक वाक्य हमखास येते : ‘त्यावक्ती शिकलो असतो तं हे दिवस नसते पाह्यले.’ बाई असेल तर म्हणते, ‘चौथीतून काढलं मले घरच्यांनी, नाही तं मीबी मास्तरीण झाली असती.’ कोणाचे शिक्षण राहिले, कोणी हातची नोकरी सोडली, कोणी भावकीच्या वादात शेत विकून टाकले, कोणाचे बापाशी बोलायचे राहून गेले आणि बाप गेला. अशी हळहळ प्रत्येक घरात आहे. काही माणसे तिच्यामुळे बदलतात आणि काही तिच्यातच अडकून पडतात. असे का होते, हा या लेखाचा विषय.

हा प्रश्न दोन परंपरांनी मनापासून हाताळला आहे. संतवाङ्मय आणि धर्मचिंतन ही पहिली, आणि गेल्या चार-साडेचार दशकांत वाढलेले मानसशास्त्रीय संशोधन ही दुसरी. दोघींनी एकमेकींची फारशी दखल घेतलेली नाही. दोघींचे म्हणणे काय, ते वऱ्हाडच्या अनुभवाशी कुठे जुळते आणि कुठे अपुरे पडते, हे क्रमाने पाहू.

अनुताप : दार की अडसर?

मराठीत या विषयाची सर्वांत सविस्तर मांडणी एकनाथांची आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, १५७३ साली काशीत पूर्ण झाली. या एकाच स्कंधात पश्चात्तापाने बदललेली तीन माणसे भेटतात. रात्रभर गिऱ्हाइकाची वाट पाहून निराश झालेली पिंगला, उर्वशीच्या मागे सगळी उमेद घालवून बसलेला राजा पुरूरवा, आणि अवंतीचा कृपण ब्राह्मण.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आहे तो हा ब्राह्मण. त्याने आयुष्यभर पैसा साठवला, कोणाला दिला नाही आणि स्वतःही भोगला नाही. पुढे पैसाही गेला आणि आप्तही दुरावले. तेव्हा त्याला हळहळ वाटते ती पैसा गेल्याची नव्हे. तो हातात असताना देता आला असता आणि आपण दिला नाही, याची. वय उतरले आहे हे त्याला कळते, आणि तरीही उरलेला काळ पुरेल असे तो ठरवतो. दोन घटकांत मोक्ष साधून गेलेल्या खट्वांग राजाची आठवण त्याला होते ती याच ठिकाणी. अनुताप दार उघडतो, पण त्या दारातून चालत जायला हवे, अशी ही भूमिका आहे. तिची मर्यादाही नोंदवायला हवी. इथला बदल संसारातून बाहेर पडण्याकडे नेतो. राहून गेलेली गोष्ट पुन्हा मिळवणे हा त्याचा हेतूच नाही. ‘माही दहावी राहिली’ म्हणणाऱ्या माणसाला हे उत्तर अर्धेच वाटेल.

बौद्ध चिंतन हाच प्रश्न वेगळ्या अंगाने पाहते. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातला मोठा समाज या परंपरेत आला, म्हणून तिचे म्हणणे इथल्या वाचकाला परके नाही. पाली ग्रंथांत ‘कुक्कुच्च’, म्हणजे केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींबद्दलची रुखरुख, ही मनाच्या पाच अडथळ्यांत मोजली आहे. ध्यान शिकणाऱ्याने तिला थारा द्यायचा नाही. चूक कळणे आणि तिची लाज वाटणे हे त्या परंपरेत हितकारकच मानले जाते, पण कळल्यानंतर तेच तेच उगाळत बसणे अहितकारक ठरते. सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझाही याच बाजूचा होता. पश्चात्ताप करणारा माणूस दुहेरी दुःखी होतो, असे त्याचे मत होते.

या दोन भूमिका वरवर पाहता एकमेकींच्या विरोधात दिसतात. माझ्या समजुतीप्रमाणे एकनाथ पहिल्या झटक्याबद्दल बोलतात आणि पाली ग्रंथ त्यानंतरच्या घोळवण्याबद्दल. आधुनिक संशोधनानेही पुढे जवळपास हीच विभागणी केली.

शेंडगाव आणि दापुरे

संशोधनाकडे वळण्याआधी वऱ्हाडातलेच एक उदाहरण पाहायला हवे, कारण ते पुढच्या चर्चेला सारखे लागणार आहे.

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. वडील दारूच्या आहारी गेले, घर बुडाले आणि डेबू लहान असतानाच ते वारले. चरित्रकार सांगतात की मरणाच्या दारात झिंगराजींना आपल्या हातून काय झाले हे उमगले. पोराला दारूपासून आणि दारू-मटणाच्या कुळाचारापासून दूर ठेव, असे त्यांनी पत्नी सखुबाईंना बजावले. स्वतःसाठी करण्यासारखे त्यांच्या हाती काही उरले नव्हते. उरला होता तो फक्त निरोप.

मुलाला घेऊन सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आल्या. डेबूजी मामाकडे गुरे राखत आणि शेतात राबत मोठे झाले. शाळा मिळाली नाही. मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. घरात कोणाला वाचता येत नव्हते, त्यामुळे कागदावर काय लिहिले आहे आणि फेडलेल्या पैशाची नोंद कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबूजी आडवे उभे राहिले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात ठळक आहे.

पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भावकी नाराज झाली. वडिलांचा निरोप असा वठला. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतरची पन्नास वर्षे खराटा, कीर्तन, ऋणमोचनचा घाट, पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळा, शाळा आणि वसतिगृहे यांची आहेत. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा, हे त्यांच्या कीर्तनाचे कायमचे विषय. ८ नोव्हेंबर १९५६ला वांद्र्याला झालेल्या ध्वनिमुद्रित कीर्तनातही ते शिक्षणाबद्दल बोलतात आणि डॉ. आंबेडकरांचे उदाहरण देतात. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

या हकिकतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाबा स्वतः लिहायला-वाचायला कधी शिकले नाहीत. त्यांची संधी हुकली ती हुकलीच. घरातली त्रुटी भरून निघाली ती दुसऱ्यांच्या मुलांमध्ये. त्यांनी स्वतःच्या हाताने काहीच लिहिलेले नसल्यामुळे त्यांच्या मनात काय होते हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण बापाची दारू, मामाचा कागद आणि कीर्तनाचे विषय यांतली सरळ रेघ कोणालाही दिसते. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

प्रयोगशाळेतले म्हणणे

मानसशास्त्रात आरंभी प्रश्न असा होता : माणसाला केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप जास्त होतो की न केलेल्या? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ च्या सुमारास दाखवले की नुकसान तेवढेच असले तरी काहीतरी करून झालेले नुकसान जास्त झोंबते. १९९० च्या दशकात थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी त्यात काळाचा विचार आणला. केलेली चूक त्या आठवड्यात झोंबते, पण आयुष्याकडे वळून पाहताना माणसे सांगतात ती न केलेल्या गोष्टींबद्दल. केलेल्या चुकीला शेवट असतो, माणूस ती निस्तरतो आणि तिच्यातून काही शिकतो. न केलेल्या गोष्टीला मात्र शेवट नाही. ‘केले असते तर’ पुढे कल्पना कितीही वाढवता येते.

कानमन यांना हे पूर्ण मान्य नव्हते. म्हातारपणी आठवणाऱ्या राहिलेल्या गोष्टी ही हुरहूर आहे, तिच्यात पोळणारा पश्चात्ताप नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे कानमन, गिलोविच आणि मेडवेक एकत्र आले आणि १९९८ साली संयुक्त लेखात काही मुद्द्यांवर सहमत झाले : पश्चात्ताप एकाच जातीचा नसतो, त्यात गरम, हुरहुरीचा आणि निराशेचा असे प्रकार असतात. वाद घालणाऱ्यांनी एकत्र बसून अशी उकल करणे विद्याक्षेत्रात विरळाच घडते, आणि मला ते फार मोलाचे वाटते. २००३ साली चीन, जपान आणि रशियातही दीर्घकाळ टिकणारी हळहळ न केलेल्या गोष्टींचीच दिसली, त्यामुळे ही फक्त अमेरिकी मनाची गोष्ट आहे हा आक्षेप बराच ढिला झाला.

दुसरा वाद आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ जातो. नील रोझ आणि एमी समरव्हिल यांनी २००५ साली ११ जुन्या अभ्यासांचा मेळ घातला, तेव्हा अमेरिकनांच्या हळहळीत पहिल्या क्रमांकावर शिक्षण आले. त्यांचा अर्थ असा : शिक्षणाचे दार कोणत्याही वयात उघडे असते, म्हणून ते टोचत राहते. जिथे अजून काही करता येते तिथेच पश्चात्ताप जिवंत राहतो आणि तोच माणसाला हलवतो. २००९ साली डेनिस बाइक आणि सहकाऱ्यांनी याच्या उलट निष्कर्ष मांडला. सर्वांत तीव्र हळहळ असते ती कायमच्या गेलेल्या संधीची, पूर्वी शक्य असलेल्या आणि आता अशक्य झालेल्या गोष्टीची.

हा वाद मिटलेला नाही, आणि तो तपासायला वऱ्हाडात चांगली जागा आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म मोठ्या वयातही भरता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचे विभागीय केंद्र अमरावतीत आहे, आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही तिथे पूर्वतयारीतून पदवीकडे जाण्याची वाट होती. म्हणजे कागदोपत्री दार उघडे. तरी पन्नाशीचा माणूस म्हणतो, ‘आता काय कामाचं?’ याउलट राज्य सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेचे दार तारखेला बंद होते : खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षे, मागासवर्गीयांना ४३. अमरावती-अकोल्याच्या अभ्यासिकांत दहा-दहा वर्षे घालवलेली मुले या तारखेकडे डोळे लावून असतात. दोन गटांतली हळहळ कशी वेगळी असते आणि कोण त्यातून लवकर उठतो, हे शेजारीशेजारी पाहता येईल.

बदल कशामुळे होतो?

इथे संशोधकांचे तीन सूर ऐकू येतात.

पहिला सूर कृतीचा. पश्चात्ताप म्हणजे सूचना, ती ऐका आणि करा. डॅनियल पिंक यांच्या २०२२ च्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. दुसरा सूर सोडून देण्याचा. कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांच्या कामात दिसते की तरुणांना ‘माझ्यामुळे झाले, मीच सुधारीन’ ही भावना उपयोगी पडते. वृद्धांच्या बाबतीत उलटे घडते. दोष स्वतःवर न घेणाऱ्यांची आणि जुने ध्येय सोडून दुसरे काही हाती धरणाऱ्यांची प्रकृती आणि मन जास्त स्वस्थ आढळले. तिसरा सूर स्वतःशी मायेने वागण्याचा. जिया वेई झँग आणि सेरेना चेन यांनी २०१६ साली दाखवले की झालेल्या गोष्टीचा स्वीकार करणारी, स्वतःला झोडपत न बसणारी माणसेच पुढे जास्त सुधारणा करतात. आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज याच्या उलट आहे. पोराला चार शब्द सुनावल्याशिवाय ते सुधारत नाही, असे बाप मानतो आणि तोच न्याय स्वतःलाही लावतो.

ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावातली आजीबाईंची शाळा (२०१६) मला या तिन्ही सुरांच्या मधोमध दिसते. साठीपुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांना नोकरी मिळणार नव्हती, गेलेले वय परत येणार नव्हते. अंगठ्याऐवजी सही आली, पोथीतले अक्षर लागू लागले. त्यांनी मूळ स्वप्न सोडले म्हणावे की पुरे केले?

हळहळीतून चुकीचा धडा

पश्चात्तापातून माणूस शिकतो हे आपण गृहीत धरतो. काय शिकतो, हा वेगळा प्रश्न आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव वर वर चढत गेला. अकोटच्या बाजारात तो क्विंटलला १० हजारांच्या पुढे गेला. दिवाळीच्या आसपास माल मोकळा केलेल्यांनी हात चोळले : थांबलो असतो तं! पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. भाव वाढला नाही, उलट उन्हाळ्यापर्यंत ८ हजारांच्या खाली आला, आणि घरात साठवलेल्या कापसापायी अंगाला खाज सुटली ती वेगळीच. आदल्या वर्षीच्या हळहळीने त्यांना एका वर्षाचा अपवाद नियम म्हणून शिकवला होता.

अर्थशास्त्रात ग्रॅहम लूम्स-रॉबर्ट सग्डेन आणि डेव्हिड बेल यांनी १९८२ सालीच मांडले की माणूस नुसता फायदा-तोटा पाहत नाही, पुढे होऊ शकणारा पश्चात्तापही हिशेबात धरतो. कापसाच्या उदाहरणात हे नेमके दिसते. म्हणून हळहळीने माणूस ‘बदलला’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. बदल शहाणपणाकडे झाला की नुसता उलट्या दिशेला, हे तपासणारे अभ्यास अजून थोडे आहेत. कर्ज आणि नापिकीने पोळलेल्या या विभागात, जिथे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख घराघरात माहीत आहे, ‘माझाच निर्णय चुकला’ ही भावना कोणाला सावध करते आणि कोणाला खाईत लोटते, हा केवळ विद्वानांचा प्रश्न राहत नाही.

संधी होती तरी का?

समाजशास्त्राचा आक्षेप मुळावरच आहे. चौथीतून काढलेल्या मुलीने कोणती संधी गमावली? तिला ती दिलीच गेली नव्हती. अशा दुःखाला व्यक्तिगत पश्चात्ताप म्हटले की दोष तिच्याकडे सरकतो आणि ज्यांनी शाळा नाकारली ते सुटतात. अमर्त्य सेन यांनी आणखी पुढची अडचण दाखवली आहे : फार वंचित माणूस आपली इच्छाच लहान करून घेतो, मग त्याला हळहळही वाटत नाही. मेळघाटातल्या ज्या बाईने शाळा पाहिलीच नाही तिच्या बोलण्यात ‘शिकले असते तर’ येत नसेल, तर ती समाधानी आहे असा अर्थ काढणे चूक होईल.

या भूमिकेचे बळ मी मानतो. डॉ. पंजाबराव देशमुखांचे काम याच बाजूचे. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा परदेशात शिकून परतला आणि १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. हळहळणाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा संधीच गावाजवळ आणणे, हा त्यांचा मार्ग. पण दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकायला हवे. ‘तुझा काहीच दोष नव्हता’ असे सांगितल्याने माणसाला दिलासा मिळतो, पुढे काय करायचे ते मात्र कळत नाही. परिस्थितीने नाकारलेले किती आणि आपण दवडलेले किती, हे वेगळे करायची मोजपट्टी दोन्ही पक्षांकडे नाही.

पोराच्या हाती दिलेली हळहळ

आता त्या जागेकडे येतो जिथे वऱ्हाडचा अनुभव आणि उपलब्ध संशोधन यांच्यात सर्वांत मोठी फट दिसते. आपल्याकडे हुकलेल्या संधीची भरपाई माणूस क्वचितच स्वतःपुरती करतो. ‘माहं राहिलं, पोराचं नाही राहू देणार’ हीच त्याची दिशा असते. अकोला आज विदर्भातले नीट-जेईईच्या शिकवण्यांचे ठळक केंद्र आहे. खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या पाठीमागे एखाद्या एकराचा पैसा आणि आईबापांचे राहून गेलेले शिक्षण उभे असते.

एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीसाठी झटणे हे प्रौढ वयाचे मुख्य काम मानले. त्या दृष्टीने हा बदल निरोगी आहे. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये २०१३ साली केलेला अभ्यास सावध करतो : जे आईबाप मुलाला स्वतःचाच भाग समजतात, ते आपली अपुरी स्वप्ने त्याच्यावर जास्त लादतात. मुलाला त्याचा लाभ होतो की जाच, याचे उत्तर त्या अभ्यासात नाही.

गाडगेबाबांची हकिकत इथे पुन्हा उपयोगी पडते. त्यांच्यापर्यंत आलेला निरोप ‘हे करू नकोस’ असा होता. अमुकच हो, असे त्यात नव्हते. आणि त्यांनी स्वतः तो पुढे दिला तो आपल्या एकट्याच्या मुलाला नव्हे, समोर बसलेल्या सगळ्यांना. हळहळ एका मुलाच्या डोक्यावर ठेवणे आणि ती अनेकांसाठी कामात उतरवणे यांत मला मोठा फरक वाटतो. मात्र हे माझे निरीक्षण आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नाही.

जे अजून ठरलेले नाही

पश्चात्ताप आधी की बदल आधी, हेच अजून पक्के नाही. बदललेला माणूस आपली जुनी गोष्ट नव्याने रचतो आणि त्यात पश्चात्तापाला वळणाचे स्थान देतो, असा एक रास्त संशय आहे; संतचरित्रांनाही तो लागू होतो. ज्यांची हळहळ कुठेच पोचली नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून आपल्यासमोर येणारी उदाहरणे मुळातच निवडक आहेत. स्त्रियांची हळहळ आणि पुरुषांची हळहळ वेगळी मोजायला हवी. किती वर्षांनी सोडून द्यावे आणि किती वर्षांपर्यंत झटावे, याचे उत्तर रॉश यांच्या कामातही वयाच्या ढोबळ रेषेवर थांबते, आणि आपल्याकडे साठीचा माणूस नातवासाठी पुन्हा पेरणी करतो.

यावर वऱ्हाडातच काम करता येईल. सतरा नंबरचा फॉर्म भरणारे, मुक्त विद्यापीठात उशिरा आलेले, ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात (२०२२-२७) बसलेले, आणि वयोमर्यादा ओलांडून अभ्यासिका सोडलेले, असे चार गट दोन्ही जिल्ह्यांत सहज सापडतील. अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ, दोघांकडे विद्यार्थी आहेत आणि गावोगावची ओळख आहे. त्यांना एकदाच भेटून भागणार नाही. पाच वर्षांनी पुन्हा त्याच माणसांकडे जावे लागेल, आणि त्यांच्या मुलांनाही विचारावे लागेल.